कोठीची खोली करताना

शाळेच्या आवारात किंवा जुन्या घराच्या परसात विटांची एखादी कोठी पडून असते. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली की सर्वांचे लक्ष तिच्याकडे जाते. एक खिडकी पाडावी, गिलावा करावा, रंग द्यावा, की वर्ग भरवायला मोकळे, असा बेत ठरतो. बेत वाईट नाही. मात्र ही कोठी इतकी वर्षे उभी कशी राहिली, हे आधी पाहायला हवे.

नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंमी जाडीची, ३ मीटर उंच भिंत घेऊ. वीटकामाचे वजन घनमीटरला सुमारे १९०० किलो धरले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीचे वजन १३०० किलोच्या आसपास भरते. ते पायथ्याच्या २३०० चौ. सेंमी क्षेत्रावर पडते. दाब झाला चौ. सेंमीला ०.६ किलोहूनही कमी. भारतीय मानकातील सर्वांत खालच्या वर्गाची वीटसुद्धा चौ. सेंमीला सुमारे ३५ किलो दाब सोसते. चुन्यात रचलेल्या भिंतीची ताकद सुट्या विटेपेक्षा बरीच कमी असते हे मान्य केले, तरी आपल्याच वजनाने भिंत चिरडण्याची भीती नाही. विटेची भिंत पडते ती आडव्या रेट्याने. दाब ती सहज सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही.

हा रेटा येतो कुठून? पुष्कळदा छपरातून. दोन वह्या तंबूसारख्या एकमेकींना टेकवून गुळगुळीत टेबलावर उभ्या करा. खालच्या कडा बाहेर सरकू लागतात. त्या कडा दोऱ्याने जोडल्या की तंबू स्थिर राहतो. कौलारू छपराच्या कैचीत दोऱ्याचे हे काम खालची आडवी तुळई करते. ती डोक्याला लागते, खोली बुटकी वाटते, म्हणून रूपांतर करताना पहिली कुऱ्हाड नेमकी तिच्यावर पडते.

आता हिशेब करू. खोलीची रुंदी ४ मीटर, छपराचा मधला उंचवटा १ मीटर आणि दोन कैच्यांमधले अंतर २ मीटर आहे. मंगलोरी कौले व रीपा मिळून चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरले, तर एका कैचीवर ५२० किलो भार येतो. या आकाराच्या कैचीत आडवा रेटा भाराच्या निम्मा, म्हणजे २६० किलो निघतो. तुळई काढली की हा रेटा ३ मीटर उंचीवर भिंतीला बाहेर ढकलतो. भिंत उलथवू पाहणारे आघूर्ण झाले ७८० किलो-मीटर. भिंतीला सावरते तिचे वजन: २ मीटर लांबीचे २६०० किलो, गुणिले अर्धी जाडी ०.११५ मीटर, म्हणजे ३०० किलो-मीटर. छपराच्या भाराचे आणखी ३० मिळवा. ७८० विरुद्ध ३३०! आडव्या भिंती आणि कोपरे थोडा काळ धरून ठेवतील, पण त्यांच्या भरवशावर मुलांना आत बसवू नये. तुळई कुजलेली असेल तर छपराला टेकू देऊन ती बदलावी, काढून टाकू नये.

कौले उतरवून स्लॅब टाकण्याचा मोहही टाळावा. १० सेंमी जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला २५० किलो, म्हणजे कौलांच्या जवळजवळ चौपट. भूकंपात वजन जितके जास्त तितका आडवा रेटा जास्त, आणि १९९३ साली किल्लारीने दाखवून दिले की आपला प्रदेश त्यापासून सुरक्षित नाही.

खिडकी पाडणे त्या मानाने सोपे आहे. वरचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना वाटला जातो. लिंटलवर येते ते साधारण समभुज त्रिकोणातले वीटकाम. १.२ मीटर रुंद खिडकीसाठी ते सुमारे २७० किलो होते. पण ही कमान टेकायला दोन्ही बाजूंना भिंत हवी. म्हणून खिडकी कोपऱ्याला चिकटून घेऊ नये, आतल्या कोपऱ्यापासून निदान ६० सेंमी सोडावे. कैची जिथे टेकते त्याच्या खालीही खिडकी नको. गवंड्याला आधी लिंटल बसवायला सांगावे, अर्ध्या जाडीचे एका बाजूने, उरलेले दुसऱ्या बाजूने, भोक त्यानंतर.

ओलीचा प्रश्न वेगळा. विटेतील सूक्ष्म नळ्यांतून पाणी केशाकर्षणाने चढते. नळीची त्रिज्या ०.०१ मिमी असेल तर ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकते. ओल झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा केला, तर बाष्पीभवन रोखले जाऊन पाणी आणखी वर चढते. त्यातले क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूप होऊन त्याचे पापुद्रे सोडवतात, हाच लोणा. बाहेरची माती जोत्याखाली उतरवावी, पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे आणि चुन्याचा गिलावा करावा, तो भिंतीला वाळू देतो.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुफ्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे विद्यार्थ्यांच्या श्रमदानात मुळीच काढू नयेत. कापू, भोसकू किंवा घासू नयेत. भिंतीवरचा जुना तैलरंगही कोरडा खरवडू नये, त्यात शिसे असू शकते.

भिंतीला भेगा असतील तर घाई करू नये. काळ्या मातीवरचा पाया पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात बसतो. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. मग गिलाव्याआधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे आणि त्याला त्या तारखा दाखवाव्यात.