कुत्र्याच्या पाकिटावरची फॅट वाचता येते का?

मैत्रिणींनो, डेअरीवर दूध घातलं की आपण आधी विचारतो, "फॅट किती लागली?" गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, हे आपल्याला पाठ आहे. तीच फॅट कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावरही छापलेली असते. तिथं मात्र आपण फक्त किंमत बघतो, नाहीतर वरचा पळणारा कुत्रा!

आपल्याकडं कुत्रं हौसेला कमी, कामाला जास्त. संगमनेर, अकोले, राहुरीकडं उसात बिबट्या असतो. गटाचं कर्ज काढून घेतलेल्या शेळ्या ज्याच्या भरवशावर, त्याच्या पोटात काय जातं हे बघायला नको का?

फॅट म्हणजे ताकद. एक ग्रॅम फॅटमधून साधारण 9 कॅलरी मिळतात, भाकरीच्या पिठातून किंवा प्रथिनांतून 4. ढवळपुरीकडच्या मेंढपाळांचं कुत्रं वाड्यासंगं दिवसभर चालतं, त्याला जास्त फॅट पचते आणि लागतेही. दिवसभर साखळीला बसलेल्या कुत्र्याला तेच दिलं, तर ते नुसतं सुटतं. साध्या कोरड्या पाकिटात साधारण 10 ते 12 टक्के फॅट असते, बसून असणाऱ्याला तेवढी पुष्कळ. पिल्लाला, गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीला मात्र जास्त हवी.

आता गंमत बघा. ओल्या खाद्याच्या पाऊचवर फॅट 4 टक्के लिहिलेली असते. वाटतं, हे हलकं. पण त्यात 80 टक्के पाणीच असेल, तर उरलेल्या 20 भागांत 4 भाग फॅट, म्हणजे कोरड्या हिशोबानं 20 टक्के झाली! दुधाचंही तसंच. पाणी सोडलं तर 12 भागांत साडेतीन फॅट. म्हणून ओलं आणि कोरडं पाकीट सरळ आकड्यानं ताडू नका, आधी पाणी वजा करा.

पाकीट परवडत नसेल तर हरकत नाही. नुसत्या दूध-भाकरीवर कामाचं कुत्रं वाळतं. त्यात एक उकडलेलं अंडं कुस्करलं, तर अंदाजे 5 ग्रॅम फॅट आणि 6 ग्रॅम प्रथिनं वाढतात. किती पुरतं, हे बरगड्या सांगतात. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या आणि वरून कंबर दिसली, की बरोबर. बरगड्या लांबूनच मोजता आल्या तर खाणं वाढवा, दाबूनही लागत नसतील तर कमी करा. बदल आठवडाभरात हळूहळू करा, नाहीतर हगवण लागते.

जत्रेतलं उरलेलं मटण कुत्र्याला घालायची आपली जुनी सवय. एकदम चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रं ओकतं, खाणं सोडतं, पाठ वाकवून बसतं. असं दिसलं की थांबू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. रश्शातला कांदा-लसूणही त्याच्या रक्ताला बाधतो, आणि शिजलेलं हाड आत टोचतं.

एक राहिलंच. रात्री उरलेलं खाणं भांड्यात बाहेर ठेवू नका. त्यावर भटकी कुत्री येतात, आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दिवेलागणीला खाऊ घाला, भांडं धुवा आणि त्याला शेळ्यांसोबत बंद गोठ्यात घ्या.