लॅच हूक किटमधून लोकरीचा टेडी: कसा बनवायचा, वेळ किती लागतो आणि विकण्याआधी काय बघायचं?

ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून लोकरीचा टेडी, ससा, मांजर बनवायची किट आता गावातही मागवली जातात. डबा उघडला की जाळी, हूक आणि रंगीत लोकरीचे तुकडे निघतात. सोबतचा माहितीचा कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. मग पुढं काय करायचं ते कळत नाही आणि किट कपाटात पडून राहतं. खरं तर यात गाठ एकच आहे. ती जमली की अख्खा टेडी जमतो. मात्र हे बनवून विकायचा विचार असेल, तर गाठीसोबत थोडा हिशेब आणि एक सरकारी नियमही माहीत हवा.

डब्यात काय असतं?

मोठ्या भोकांची कडक जाळी म्हणजे कॅनव्हास. त्यावर रंग छापलेले असतात किंवा चौकटींचा वेगळा नकाशा मिळतो. एक चौकट म्हणजे एक गाठ. लोकरीचे साधारण 6 सेंटिमीटरचे तुकडे रंगानुसार बांधलेले असतात. हूकच्या टोकाला आकडा असतो आणि त्याला लागूनच दाराच्या कडीसारखी उघडझाप होणारी छोटी पट्टी असते. तीच लॅच. पाठीचं कापड आणि भरायचं फायबर काही किटमध्ये मिळत नाही, त्यामुळे मागवण्याआधी यादी नीट वाचा.

गाठ कशी मारायची?

1. लोकरीचा तुकडा मधोमध दुमडून हूकच्या दांडीला, पट्टीच्या खालच्या बाजूला वेढा. दोन्ही टोकं चिमटीत धरा.
2. हूक एका भोकातून आत घालून, मधल्या आडव्या धाग्याखालून, लगेच वरच्या भोकातून बाहेर काढा. पट्टी धाग्याच्या पूर्ण पलीकडे गेली पाहिजे.
3. पट्टी उघडी असतानाच लोकरीची दोन्ही टोकं आकड्यात अडकवा.
4. हूक आपल्याकडे ओढा. पट्टी आपोआप मिटते आणि टोकं लोकरीच्या फासातून बाहेर येतात.
5. दोन्ही टोकं हाताने ओढून गाठ आवळा.

दावं दुमडून खुंट्याला फास टाकतात ना, गाठ अगदी तशीच. पहिल्या वीस-पंचवीस गाठी वेड्यावाकड्या होतील, मग हात बसतो.

काम खालच्या ओळीपासून सुरू करून वर जा. एक ओळ पूर्ण झाल्याशिवाय दुसरी घेऊ नका. रंग-रंग करत इकडंतिकडं गेलं की मध्ये भोकं सुटतात. जाळी मध्येच उलटी फिरवू नका, नाहीतर लोकर दोन दिशांना पडते आणि टेडीचं तोंड विस्कटलेलं दिसतं. जाळीच्या कडा उसवतात, म्हणून सुरुवातीलाच त्यांना चिकटपट्टी लावा.

लोकर कमी पडली तर?

नवीन किट घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या बाजारात मिळणारी तेवढ्याच जाडीची लोकर आणा. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची 3 सेंटिमीटर रुंद पट्टी कापून तिच्याभोवती लोकर गुंडाळा आणि एका कडेने कात्री चालवा. सगळे तुकडे सारखे 6 सेंटिमीटरचे निघतात.

टेडी शिवायचा कसा?

गाठी पूर्ण झाल्या की आकाराभोवती अडीच सेंटिमीटर जाळी सोडून बाकीची कापा. पाठीचं कापड त्याच मापाचं घ्या. जुनी जीन्स चालते. लोकरीची बाजू आणि कापडाची सुलट बाजू समोरासमोर ठेवा. लोकर बोटांनी आत ढकलत शेवटच्या गाठींना लागून टीप मारा. खालच्या बाजूला हात जाईल एवढी जागा उघडी ठेवा. गोलाईवर कडेला छोटे काप द्या, म्हणजे सुलट केल्यावर चुण्या पडत नाहीत.

आता महत्त्वाचं. जाळीला भोकं असतात, त्यामुळे भरलेलं फायबर हळूहळू बाहेर डोकावतं. म्हणून जुन्या सुती साडीची आतली पिशवी शिवा आणि फायबर तिच्यात भरा. कान, पाय असे कोपरे आधी भरा, पोट शेवटी. उशीतला जुना कापूस टाळा. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आतला ओलावा लवकर जात नाही. धुताना साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

तान्ह्या बाळाला देऊ नका

या गाठी शिवलेल्या नसतात. जोरात ओढलं तर लोकर निघते आणि सरळ तोंडात जाते. बटणाचे डोळेही निसटू शकतात. त्यामुळे तीन वर्षांखालच्या लेकरांच्या हातात हा टेडी नको. मोठ्या मुलांसाठी बनवतानाही डोळे दोऱ्याने भरलेले बरे.

विकायचा विचार आहे? आधी हिशेब

30 बाय 30 सेंटिमीटरच्या जाळीत साधारण 2,000 गाठी बसतात. म्हणजे जवळपास 120 मीटर लोकर. हात बसलेल्या बाईला एका गाठीला 10 सेकंद धरले, तरी नुसत्या गाठींना साडेपाच तास जातात. नवीन हाताला दुप्पट. शिवायला, भरायला दोन तास धरा. समजा सामानाचा खर्च वजा जाऊन 300 रुपये उरले, तर तासाला 40 रुपये पडतात. बचत गटाने भाव ठरवताना हा हिशेब आधी मांडावा.

दुसरा मुद्दा नियमाचा. केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि कापडी-लोकरी खेळणीही त्यात येतात. विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. किटवरचं काम हस्तकलेत धरलं जातं का, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

तिसरा मुद्दा सावधगिरीचा. "किटचे पैसे आधी भरा, बनवून द्या, माल आम्हीच घेऊ" असं फोनवर कुणी सांगितलं तर लगेच पैसे पाठवू नका. माल घेण्याचं लेखी मागा, आधीच्या गटांशी बोला. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तेव्हा आधी एकच किट आणा. घरातल्या पोरासाठी एक टेडी बनवा आणि रोज किती वेळ गेला ते वहीत लिहा. वहीतला आकडा परवडला, तरच दुसरं किट मागवा.