गळाचा रॉड मोडला? दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

मंडळी, तासभर खडकावर बसल्यावर एकदाचा मासा लागतो आणि नेमका तेव्हाच रॉड कडकन मोडतो! आता काय? उत्तर रॉड कुठे मोडलाय यावर अवलंबून आहे.

टोकाकडचे दोन-तीन इंचच गेले असतील तर नवा रॉड घेऊ नका. तुटलेली कड सॅंडपेपरने घासा, तिथल्या जाडीला बसेल अशी टोकाची कडी आणा आणि हॉट ग्लूने चिकटवा. रॉड थोडा ताठ होईल, पण काम देईल.

मधली कडी तुटली तरी ती बदलता येते. कडीच्या आतल्या सिरॅमिकला तडा गेला असेल तर मात्र चालढकल नको, तिथे घासून तंगूस तुटतो.

रॉड मधोमध मोडला तर? तो आतून पोकळ असतो, म्हणून आत नळी बसवून इपॉक्सीने जोडतात. पण जोडाची जागा वाकत नाही आणि सगळा ताण जोडाच्या कडेला येतो. फायबरग्लासचा जाड रॉड हे बऱ्यापैकी सोसतो. पातळ कार्बन रॉड मात्र तिथेच पुन्हा मोडू शकतो, तोही मोठा मासा लागल्यावर! रॉड स्वस्तातला असेल तर सरळ नवा घ्या. महागडा असेल तर आधी वॉरंटी पाहा आणि फक्त मोडलेला भाग मिळतो का, ते विचारा.

आणि हो, मोडक्या कार्बनची कुसळं हातात घुसतात. कापडात गुंडाळूनच उचला!