नाथसागरच्या गाळावर फाल्गुन-चैत्र

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे ४६० मीटर उंचीच्या सपाट पठारावर गोदावरीचे पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरते, पण त्याची खोली बेताचीच आहे. उन्हाळी आवर्तने सुटू लागली आणि ऊन तापले, की पातळी जराशी उतरली तरी काठ बराच मागे सरकतो. गावांना टंचाईची चाहूल लागते त्याच दिवसांत चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांसाठी अळ्या, किडे आणि गोगलगायींनी भरलेला ओला गाळ उघडा पडतो.

एकाच पट्ट्यात अनेक जातींचे पोट भरते ते चोच आणि पाय यांच्या लांबीतल्या फरकामुळे. कंठेरी चिखल्या चार पावले पळतो, जागीच थबकतो आणि डोळ्यांनी हेरलेला किडा टिपतो. चिमणीएवढा टिलवा मान खाली घालून सारखा टोचत राहतो. गुलाबी पायांचा शेकाट्या आणखी आत, पाण्यात उभा राहून वरवरचे वेचतो. सर्वांत पाहण्यासारखा आहे काळ्या शेपटीचा पाणटिवळा. तो लांब चोच थेट डोळ्यांपर्यंत चिखलात रोवतो. चोचीचे टोक अतिशय संवेदनशील असते आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून तेवढेच उघडता येते. त्यामुळे न दिसणारे भक्ष्यही आतल्या आत पकडता येते. हिवाळ्यात करड्या दिसणाऱ्या या पक्ष्याची मान आणि छाती आता विटकरी होऊ लागते. हा विणीचा पिसारा. उत्तरेकडच्या प्रवासासाठी अंगात चरबीही याच दिवसांत साठते.

पट्टकादंब हंसांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. रात्री हरभरा-गव्हाच्या शेतांत चरून ते पहाटे जलाशयावर परततात आणि दिवसभर काठाशी विसावतात. त्यांची वीण लडाख, तिबेट आणि मंगोलियातल्या सरोवरांवर होते. वाटेतला हिमालय ते बहुधा रात्री किंवा पहाटे पार करतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना अधिक आधार देते. शिवाय त्यांचे हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू सहज घेते. मार्चच्या अखेरीपर्यंत बहुतेक थवे निघून गेलेले असतात. चिखलातले काही पक्षी मात्र त्यानंतरही रेंगाळतात.

उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेराही होतो. शेतकऱ्याचा हा आधार खरा. तरी नांगर अगदी पाण्याला भिडला, की पक्ष्यांना निवांत चिखल उरत नाही, हेही तितकेच खरे.

निरीक्षणासाठी सकाळ उत्तम. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे पिसांचे रंग नीट कळतात. दुर्बीण हवीच, दूरच्या टिलव्यांसाठी तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप अधिक उपयोगी. विसावलेल्या हंसांनी माना ताठ केल्या, की तिथेच थांबावे. पुढे गेल्यास थवा उडतो आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी विनाकारण खर्ची पडते.