धार उरली आहे का?

धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ. कागदावर ती शून्य जाडीची काढता येते, पोलादात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा माथा गोलसरच दिसतो. नीट लावलेल्या सुरीत या गोलाईची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे एखादा मायक्रॉन असते. बोथट सुरीत ती कैक पटींनी वाढलेली असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड; म्हणजे बोथट धारसुद्धा केसापेक्षा बारीकच. तिच्याकडे नुसते पाहून काही कळत नाही ते यामुळेच.

पण तिच्यावरून परतणारा उजेड दिसतो. सुरीची धार वर करून ती दिव्याखाली हळूहळू कलती केली, की चांगल्या धारेवर काहीच चमकत नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. जिथे धार मोडली तिथे पांढरा ठिपका लकाकतो. पूर्ण गेली असेल तर टोकापासून मुठीपर्यंत पांढरी रेघच दिसते. अंगठा फिरवून पाहण्याची सवय घरोघर आहे. धारेला आडवा, अलगद फिरवलेला अंगठा कड एका बाजूला वळली आहे का एवढे सांगतो. धारेच्या लांबीने फिरवला तर मात्र परीक्षा अंगठ्याचीच होते.

खरी कसोटी टोमॅटोची. साल गुळगुळीत आणि चिवट, आतला गर मऊ. धारदार सुरी किंचित ओढताच सालीत शिरते. बोथट सुरीखाली साल आधी दबते, मग फाटते आणि बिया ओट्यावर येतात. सुरी निसटून बोटावर येते तीही अशाच वेळी, कारण हात जास्त जोर लावत असतो.

कांदा आणखी एक गोष्ट सांगतो. मिसळीवर पेरायचा कांदा बारीक चिरताना पातळ धार वाटेतल्या पेशीच कापते, जाड धार शेजारच्याही चिरडते. पेशी फुटल्या की विकरे मोकळी होतात आणि डोळ्यांना झोंबणारे द्रव्य तयार होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी हे चिरणे टिपले आणि 2025 मध्ये निष्कर्ष मांडला: पाते बोथट असेल, तर कांद्याचा थर फाटण्याआधी दाबला जातो आणि त्यातून उडणारे तुषार संख्येने आणि वेगानेही वाढतात. कांदा चिरताना नेहमीपेक्षा जास्त रडू येऊ लागले, तर दोष कांद्याचाच असेल असे नाही.

विळीची परीक्षा याहून अवघड. विळीत (ग्रामीण कोल्हापुरात इळीत) पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी त्यावर ढकलली जाते. पात्याला बाक असल्यामुळे भाजी पुढे जाताना धारेवरून घसरतेही. हे घसरणे फार कामाचे. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे टोनी अ‍ॅटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये चीज आणि सलामी कापून दाखवून दिले, की दाबण्याच्या जोडीला ओढणे जितके जास्त, तितका दाब कमी लागतो. लोहाराने हेच गणित विळीच्या बाकात केव्हाच बसवलेले होते. पण त्यामुळे विळी आपला बोथटपणा झाकून ठेवते. धार गेल्यावरही बटाटा बिनतक्रार चिरला जातो. तिला पकडायचे ते कोथिंबिरीवर. धार असेल तर काड्या सुट्या पडतात. नसेल तर सालीच्या धाग्याने एकमेकींना लटकतात आणि पानांच्या कडा लवकर काळ्या पडतात.

धार जाते कशाने? याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडात मिळते. उसाच्या पानात सिलिका असते, वाळूतलीच. गळीत हंगामात कोयत्याला पुन्हा पुन्हा कानस लावावी लागते, त्यात या सिलिकेचा वाटा आहे. गंमत म्हणजे सुऱ्यांच्या धारेची आंतरराष्ट्रीय चाचणीही याच तत्त्वावर चालते: 5 टक्के सिलिका मिसळलेल्या कागदाच्या थप्पीवर पाते 60 वेळा मागेपुढे चालवतात आणि दर वेळी किती खोल कापले ते मोजतात. ‘कधीच धार लावावी लागणार नाही’ म्हणणारी जाहिरात या थप्पीपुढे टिकणे कठीण.

मऊ वस्तूही निरुपद्रवी नसतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये 2020 साली दाढीच्या पात्याचा अभ्यास झाला. पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण, तरीही केस तिरपा वाकला की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. चिरलेली भाजी धारेनेच खरवडून कढईत लोटताना धारेवर असाच आडवा ताण येतो. सुरी उलटी करून पाठीने लोटली की काम भागते.

कड नुसती वळली असेल तर पोलादी सळईवर दोन्ही बाजूंनी चार हात पुरतात. झिजली असेल तर दगडच हवा. पूर्वी तो कुरुंदाचा असे. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा तमिळ ‘कुरुंदम’वरून गेलेला, आणि मराठी कुरुंद त्याच घरचा. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनला विजेच्या भट्टीत एक अतिकठीण पदार्थ मिळाला. तो कार्बन आणि कोरंडमचा संयोग आहे असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले, पण चुकलेले नाव बाजारात टिकले. सायकलवर चाक फिरवत गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडच्या दगडापर्यंत कुरुंदाचे नाव असे अमेरिकेमार्गे परत आले.

त्या चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे पोलादाचे जळते कण. सुरी चाकावर फार वेळ दाबून धरली, तर पातळ कड तापून निळसर पडते, तिचे पाणी उतरते आणि ती धार फार दिवस टिकत नाही. निळी झाक नसेल, दिव्याखाली पांढरी रेघ दिसत नसेल आणि टोमॅटोची साल न दबता चिरली जात असेल, तर धार लागली.