स्वस्त गोळी, महाग वाट

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. अफूपासून बनणारे हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून त्याची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये ठरते. तरीही रुग्णाचा खर्च वाढतो. कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक परवान्यांमुळे बहुतेक दुकाने ते ठेवीत नाहीत. गोळी स्वस्त, पण तिच्यासाठी दूरच्या शहरी फेऱ्या, भाडे आणि बुडालेली मजुरी! २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी ही प्रक्रिया सुलभ केली. म्हणून धर्मग्रामात रुग्णभेटीस जाताना आपण जवळच्या अशा रुग्णालयाची डॉक्टरांकडून चौकशी करून ती माहिती कुटुंबापर्यंत पोहोचवू या. वेदनेतील माणसाला एक फेरी वाचवणे हीदेखील सेवाच होय.