‘डीप इम्पॅक्ट’ : सोडतीत नाव कुणाचं?

आता आपण मिमी लेडर यांच्या १९९८ च्या ‘डीप इम्पॅक्ट’कडे वळू. धूमकेतू आदळणार म्हटल्यावर अमेरिकेचं सरकार मिझुरीतल्या चुनखडीच्या गुहांत १० लाख माणसांची सोय करतं. २ लाख जण, म्हणजे शास्त्रज्ञ, डॉक्टर, सैनिक वगैरे, आधीच निवडलेले. उरलेले ८ लाख सोडतीने. आणि पन्नाशी उलटलेल्यांचं नाव सोडतीत नाहीच. (या सभागृहातले आपण बहुतेक बाहेरच, बरं का!)

चित्रपटाचं खरं बळ इथे आहे. सोडत आपल्याला न्याय्य वाटते, कारण ती कुणाची लायकी मोजत नाही. मग त्या २ लाखांची लायकी कुणी मोजली? वयाची अट म्हणजे तरी मोजमापच की. एकाच यादीत उपयुक्तता आणि समता शेजारी बसवल्या आहेत, आणि दोघींचं पटत नाही. लिओ साराला वाचवता यावं म्हणून तिच्याशी लग्न करतो. म्हणजे नियमाला नात्याने फट पाडली.

विज्ञान मात्र लंगडं. शेवटच्या घटकेला धूमकेतू फोडला, तरी त्याचं वस्तुमान जाणार कुठे? २०२२ मध्ये नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याची कक्षा बदलली. वेळ हाती असताना हलकेच ढकलायचं, ही त्यामागची कल्पना.

पण आपली मुख्य तक्रार वेगळी. अंतराळवीर बलिदान करतात, मोठा तुकडा फुटतो, आणि निवडीचा प्रश्नच बाद होतो. शेवटी राष्ट्राध्यक्ष पुन्हा उभ्या राहणाऱ्या कॅपिटॉलसमोर भाषण करतात. त्यात सोडतीचा उल्लेखही नाही.